छपाईसाठी प्रतिमेची फाइल कोणत्या स्वरूपात द्यावी : रंगप्रणालीपासून पीडीएफपर्यंत

प्रतिमा जेपेगमध्ये जतन करावी, पीएनजीमध्ये की टिफमध्ये, हा प्रश्न बहुतेकांना काम संपल्यावर, ‘सेव्ह ॲज’ची खिडकी समोर आली की पडतो. तोवर त्याचे उत्तर जवळजवळ ठरून गेलेले असते. रंग शेवटी पडद्यावर दिसणार आहेत की कागदावर, प्रतिमा छायाचित्र आहे की सपाट रंगांचे रेखाटन, आणि ही फाइल पुढे कोणी उघडून दुरुस्त करणार आहे की थेट यंत्राकडे जाणार आहे, या तीन गोष्टी आधी निश्चित केल्या, तर फाइलचा प्रकार निवडायला फारसे काही उरत नाही. म्हणून या लेखात फाइलच्या प्रकारांकडे थोडे उशिरा वळू.

पहिली पायरी : रंग कोठे तयार होणार ते ठरवा

पडदा प्रकाशाने रंग तयार करतो. लाल, हिरवा आणि निळा या तीन प्रकाशांच्या कमीअधिक मिश्रणाला आरजीबी म्हणतात. प्रत्येक रंगाला ८ बिट दिले, तर त्याच्या २५६ पातळ्या मिळतात आणि तिन्हींच्या मिश्रणातून सुमारे १ कोटी ६७ लाख छटा मांडता येतात. छपाईत प्रकाश कागदाकडून येतो आणि शाई त्यातला काही भाग शोषून घेते. तेथे सायन, मॅजेंटा, पिवळी आणि काळी अशा चार शाया वापरतात व त्यांचे प्रमाण शून्य ते शंभर टक्क्यांत सांगतात. हीच सीएमवायके प्रणाली होय.

या दोन प्रणालींची रंगांची व्याप्ती, म्हणजे गॅमट, सारखी नसते. पडद्यावरचा झगझगीत निळा, पोपटी हिरवा किंवा भडक नारिंगी चार शायांच्या मिश्रणातून तसाच्या तसा कागदावर येत नाही. आरजीबीत लाल ०, हिरवा ०, निळा २५५ असा शुद्ध निळा घेऊन तो सीएमवायकेत बदलून पाहिला, तर तो मंदावतो आणि जांभळ्याकडे झुकतो. फाइलचा कोणताही प्रकार ही मर्यादा दूर करू शकत नाही, कारण ती शाईची आणि कागदाची मर्यादा आहे.

मात्र ‘छपाई म्हटली की सीएमवायके’ हा सरसकट नियमही चुकीचा आहे. ऑफसेट यंत्रावर छापायचे पुस्तक, माहितीपत्रक किंवा वेष्टन अखेर सीएमवायकेतच जाते. घरातला किंवा कार्यालयातला इंकजेट प्रिंटर आत चार, सहा वा अधिक शाया वापरत असला, तरी त्याच्या ड्रायव्हरला आरजीबी फाइलच हवी असते. आपण सीएमवायके दिली, तर ती बहुधा पुन्हा आरजीबीत आणि तेथून त्याच्या स्वतःच्या शायांत बदलली जाते आणि मधल्या मध्ये रंगांचे नुकसान होते. छायाचित्रे कागदावर काढून देणाऱ्या प्रयोगशाळांची यंत्रेही साधारणतः एसआरजीबी या सर्वसामान्य आरजीबी प्रकारातली जेपेग फाइल घेतात. स्क्रीन प्रिंटिंगमध्ये तर अनेकदा चार शायांची गरजच नसते. तेथे प्रत्येक रंगाची वेगळी जाळी लागते आणि प्रत्येक रंग स्वतंत्र स्पॉट कलर, म्हणजे आधीच मिसळलेली वेगळी शाई, म्हणून द्यावा लागतो. त्यामुळे पहिला प्रश्न यंत्र चालवणाऱ्याला विचारावा : फाइल आरजीबी हवी की सीएमवायके, आणि सीएमवायके असेल तर कोणत्या प्रोफाइलची, म्हणजे रंगांचे आकडे कसे वाचायचे हे सांगणाऱ्या कोणत्या वर्णनाची?

या दोन प्रणालींखेरीज तीन साधे प्रकार लक्षात ठेवावेत. ग्रेस्केलमध्ये काळ्या ते पांढऱ्या छटांची एकच वाहिनी (चॅनेल) असते आणि एका शाईत छापायच्या छायाचित्राला तोच प्रकार योग्य ठरतो. १ बिटच्या बिटमॅपमध्ये फक्त काळे आणि पांढरे असते. शाईने काढलेली चित्रे, सह्या आणि जुने नकाशे यांच्यासाठी तो उत्तम. इंडेक्स्ड रंगांत जास्तीत जास्त २५६ छटांची यादी असते. तो पडद्यावरच्या छोट्या चिन्हांना पुरतो, छपाईच्या कामाला नाही.

दुसरी पायरी : प्रोफाइल नसलेली फाइल पुढे जाऊ देऊ नका

आकडे एकटे काही सांगत नाहीत. आरजीबीतले २००, ५०, ५० म्हणजे नेमका कोणता लाल, हे फाइलसोबतच्या आयसीसी प्रोफाइलवरून ठरते. एसआरजीबी हा सर्वांत सामायिक आधार आहे. तो १९९६ मध्ये मांडला गेला आणि पुढे आंतरराष्ट्रीय मानक झाला. ॲडोबी आरजीबी १९९८ या प्रोफाइलची व्याप्ती त्याहून मोठी, विशेषतः हिरव्या आणि सायन रंगांकडे अधिक आहे. ॲडोबी आरजीबीतली फाइल प्रोफाइल न जोडता पाठवली आणि समोरच्याने ती एसआरजीबी समजून उघडली, तर चित्र फिके व निस्तेज दिसते. तक्रार मग छपाईवर येते, दोष मात्र फाइल जतन करताना न टिचकावलेल्या एका चौकटीचा असतो.

सीएमवायकेत हा मुद्दा अधिक कडक आहे, कारण येथे प्रोफाइल म्हणजे विशिष्ट कागद, विशिष्ट शाई आणि विशिष्ट छपाईपद्धत यांचे वर्णन असते. फोग्रा या जर्मन मुद्रण-संशोधन संस्थेची फोग्रा ३९ आणि फोग्रा ५१ ही वर्णने लेपित, म्हणजे चकचकीत किंवा मॅट आर्ट पेपरसाठी आहेत. फोग्रा ५२ हे लेप नसलेल्या कागदासाठी आहे. लेप नसलेला कागद शाई जास्त शोषतो, ठिपके पसरतात, गडद भाग मिटतात. म्हणून एकाच छायाचित्राची आर्ट पेपरसाठी आणि साध्या कागदासाठी वेगवेगळी सीएमवायके फाइल होते.

प्रोफाइल एकूण शाईची मर्यादाही पाळते. चारही शाया शंभर टक्के घातल्या, तर बेरीज ४०० होईल. इतकी शाई कागदावर वाळत नाही, ती पाठीमागच्या पानाला लागते. चांगल्या लेपित कागदावर ही बेरीज साधारणतः ३०० ते ३३० टक्क्यांपर्यंत चालते, वृत्तपत्राच्या कागदावर ती २४० टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून खाली ठेवावी लागते.

येथे दोन आज्ञांमध्ये गल्लत होते. ‘असाइन प्रोफाइल’ ही आज्ञा आकडे तसेच ठेवून त्यांचा अर्थ बदलते, त्यामुळे चित्राचे रंग डोळ्यांसमोर बदलतात. ‘कन्व्हर्ट टू प्रोफाइल’ आकडे बदलते आणि दिसणे शक्य तितके सारखे ठेवते. छपाईसाठी रंगप्रणाली बदलताना दुसरीच आज्ञा हवी. पहिली फक्त तेव्हा वापरावी, जेव्हा फाइल प्रोफाइलशिवाय आलेली असते आणि ती मुळात कशात केली होती हे आपल्याला माहीत असते.

तिसरी पायरी : छापील आकारात पिक्सेल पुरतात का ते मोजा

‘फाइल ३०० डीपीआय (इंचाला ३०० ठिपके) आहे’ या वाक्याला छापील आकार सांगितल्याशिवाय अर्थ नाही. ए४ कागद २१० गुणिले २९७ मिलिमीटरचा असतो; इंचाला ३०० पिक्सेल धरले, तर पूर्ण पानाच्या चित्राला २४८० गुणिले ३५०८ पिक्सेल लागतात. चित्र पानाच्या कडेपर्यंत जाणार असेल, तर चारही बाजूंनी ३ मिलिमीटरची ब्लीड, म्हणजे कापताना जाणारी जादा कड, धरून हा आकडा २५५१ गुणिले ३५७९ होतो. ४००० गुणिले ३००० पिक्सेलचा १२ मेगापिक्सेल फोटो याच हिशेबाने सुमारे ३३.९ गुणिले २५.४ सेंटिमीटर छापता येतो. तोच फोटो संदेशवहनाच्या ॲपमधून १०८० पिक्सेल रुंदीचा होऊन आला, तर तो जेमतेम ९ सेंटिमीटर रुंदीला पुरतो.

३०० हा आकडा ऑफसेटच्या ठिपक्यांच्या जाळीवरून आला आहे. इंचाला १५० रेषांची जाळी असेल, तर तिच्या दुप्पट पिक्सेल पुरेसे धरतात. वृत्तपत्राची जाळी ८५ ते १०० रेषांची असल्यास १७० ते २०० पिक्सेल पुरतात. दुरून पाहायच्या मोठ्या फलकाला त्याहूनही पुष्कळ कमी चालतात. उलट १ बिटच्या रेखाचित्राला इंचाला १२०० पिक्सेल हवेत, कारण तेथे कडेचा खडबडीतपणा मऊ करणाऱ्या मधल्या छटा नसतात. कमी पिक्सेलच्या फाइलवर नुसता ३०० हा आकडा टाकल्याने नवा तपशील निर्माण होत नाही. सॉफ्टवेअर फक्त अंदाजाने मधले पिक्सेल भरते.

चौथी पायरी : आता फाइलचा प्रकार निवडा

जेपेग १९९२ पासून मानक आहे आणि छायाचित्रांसाठी अजूनही सर्वांत सोयीचा आहे. तो ग्रेस्केल, आरजीबी आणि सीएमवायके तिन्ही धरतो. पारदर्शकता आणि लेयर (एकावर एक ठेवलेले चित्राचे थर) धरत नाही, आणि नेहमीच्या वापरात त्याची खोली ८ बिटांचीच असते. चित्राचे ८ गुणिले ८ पिक्सेलचे चौकोन करून त्यांतला डोळ्याला कमी जाणवणारा तपशील तो टाकून देतो. आकाशात किंवा पानाफुलांत हे खपून जाते. पांढऱ्या पार्श्वभूमीवर काळी अक्षरे असलेले चित्र मात्र मध्यम दर्जाच्या जेपेगमध्ये जतन करून चारपट मोठे करून पाहावे : शिरोरेषेच्या वर आणि मात्रांच्या अवतीभवती करडी धूळ उडाल्यासारखे ठिपके दिसतात. ते छापतानाही उमटतात. शिवाय प्रत्येक वेळी उघडून, बदलून पुन्हा जेपेग केले की आणखी काही तपशील जातो. म्हणून जेपेग हा कामाच्या अखेरीला, एकदाच, उच्च दर्जात करायचा प्रकार आहे. दुरुस्त्या करत राहण्याची मूळ फाइल म्हणून तो ठेवू नये. सीएमवायके जेपेग चालते, पण सर्वत्र नीट उघडेलच असे नाही; अनेक प्रोग्राम तिचे आकडे उलटे साठवतात आणि ते न ओळखणारे सॉफ्टवेअर चित्र निगेटिव्हसारखे दाखवते. ती पडद्यावर पाहण्यासाठी कोणाला पाठवू नये.

पीएनजी कोणताही तपशील न गमावता दाबून साठवते, पारदर्शकता ठेवते आणि १६ बिटांपर्यंत जाते. पडद्यावरची बोधचिन्हे, आलेख, स्क्रीनशॉट यांच्यासाठी माझी पहिली पसंती तीच. परंतु तिच्यात सीएमवायकेची सोयच नाही. ‘सीएमवायके पीएनजी पाठवा’ अशी मागणी आली, तर ती पुरी करता येणार नाही असे स्पष्ट सांगावे आणि टिफ किंवा पीडीएफ पुढे करावी. जीआयएफ १९८७ ची आहे, २५६ रंगांपुढे जात नाही आणि छपाईत तिला जागा नाही. वेबपी आणि फोनमधली हाइक (एचईआयसी) हीदेखील पडद्यासाठीची आरजीबी स्वरूपे आहेत. अशी फाइल आली, तर ती जेपेगमध्ये बदलण्याऐवजी थेट टिफमध्ये बदलावी, म्हणजे नुकसानीची आणखी एक फेरी टळते.

छपाईसाठीच्या पिक्सेल-प्रतिमेला टिफ हे सर्वांत निर्धास्त स्वरूप आहे. १९८६ मध्ये ते स्कॅनरसाठी आले आणि आज त्यात १ बिट, ग्रेस्केल, आरजीबी, सीएमवायके आणि लॅब (डोळ्याला दिसणाऱ्या रंगावर आधारलेली प्रणाली) हे सारे बसते. जतन करताना तीन गोष्टी पाहाव्यात. दाबण्याची पद्धत एलझेडडब्ल्यू ठेवावी, कारण ती तपशील गमावत नाही आणि जुन्या यंत्रणाही ती वाचतात. १६ बिटांच्या फाइलला मात्र ती लावल्यास आकार कधी कधी उलट वाढतो, तेथे झिप बरी. मुद्रकाकडे जाणाऱ्या प्रतीत लेयर एकत्र करावेत. आणि प्रोफाइल जोडण्याची खूण तपासावी. ए४ आकाराचे ३०० पिक्सेलचे चित्र न दाबता ठेवले, तर ८ बिट आरजीबीत सुमारे २६ मेगाबाइट आणि सीएमवायकेत सुमारे ३५ मेगाबाइट भरते, कारण वाहिन्या तीनच्या चार होतात. त्याच कागदाचे १२०० पिक्सेलचे रेखाचित्र १ बिटमध्ये १७ मेगाबाइटच्या आसपास असते आणि ग्रुप ४ या काळ्यापांढऱ्या चित्रांसाठीच्या पद्धतीने दाबल्यावर फारच लहान होते. तेच अजाणता ग्रेस्केलमध्ये ठेवले, तर १३९ मेगाबाइट होते आणि कडाही धूसर छापल्या जातात.

पीएसडी हे फोटोशॉपचे, कामाचे स्वरूप आहे. लेयर, मास्क, दुरुस्त्या सर्व त्यात राहतात; आपली मूळ प्रत आरजीबीत, शक्य तर १६ बिटांत, पीएसडीमध्ये जपून ठेवावी. तिची मर्यादा २ गिगाबाइटची आहे, त्यापुढे पीएसबी हे तिचेच मोठ्या फाइलींसाठीचे रूप वापरावे लागते.

बोधचिन्ह, नकाशा, आलेख यांसारखी रेषांनी बनलेली चित्रे पिक्सेलमध्ये आणूच नयेत. एसव्हीजी पडद्यासाठी उत्कृष्ट आहे, पण तिचे रंग व्यवहारात एसआरजीबीतच राहतात. छपाईसाठी तेच चित्र पीडीएफमध्ये द्यावे, म्हणजे सीएमवायके टक्केवारी आणि स्पॉट कलर दोन्ही शाबूत राहतात. ईपीएस या जुन्या स्वरूपातली फाइल अजून मागितली जाते. तिला जिवंत पारदर्शकता कळत नाही, त्यामुळे सावल्या असलेले चित्र तीत घालण्यापूर्वी विचार करावा.

पाचवी पायरी : काळ्या रंगाकडे वेगळे पाहा

छपाईतल्या रंगांच्या जितक्या चुका होतात, त्यांत काळ्याचा वाटा मोठा असतो. आरजीबीतला शुद्ध काळा, म्हणजे ०, ०, ०, फोटोशॉपच्या जुन्या मूळ मांडणीतून सीएमवायकेत नेला, तर तो सायन ७५, मॅजेंटा ६८, पिवळा ६७ आणि काळा ९० असा चार शायांत विभागला जातो. छायाचित्रातल्या सावलीला हे ठीक आहे. आठ-नऊ पॉइंटच्या मजकुराला मात्र ते घातक आहे : चार शायांच्या चार प्लेटा (छापण्याचे पत्रे) केसभर जरी एकमेकींवरून सरकल्या, तरी प्रत्येक अक्षराला गुलाबी-निळी किनार दिसते, अनुस्वाराचा ठिपका पसरतो आणि ‘ध’ व ‘भ’ यांच्या गाठी बुजतात.

त्यामुळे मजकूर आणि बारीक रेषा नेहमी फक्त काळ्या शाईत, म्हणजे ०, ०, ०, १०० अशा ठेवाव्यात. चित्रात मजकूर मिसळून त्याचे जेपेग केले की ही संधी कायमची जाते. म्हणून छायाचित्र वेगळे, मजकूर पेजमेकिंगच्या प्रोग्राममध्ये वेगळा, असाच संच ठेवावा. याउलट मोठी काळी पार्श्वभूमी नुसत्या काळ्या शाईत करडी व पोकळ वाटते. तिथे काळ्याबरोबर इतर शायाही घालतात. सायन ६०, मॅजेंटा ४०, पिवळा ४०, काळा १०० हे प्रमाण बरेच ठिकाणी वापरले जाते आणि त्याची बेरीज २४० होते. चारही शाया १०० टक्के असलेला ‘रजिस्ट्रेशन’ नावाचा काळा रंग केवळ प्लेटा जुळवण्याच्या खुणांसाठी असतो. तो चित्रात किंवा अक्षरांत कधीही येऊ देऊ नये.

सहावी पायरी : आरजीबीतून सीएमवायकेत एकदाच आणि शेवटी जा

सर्व दुरुस्त्या आरजीबीत पूर्ण कराव्यात. मग मुद्रकाने सांगितलेले प्रोफाइल लावून ‘प्रूफ कलर्स’ ही सोय चालू करावी. फाइल न बदलता कागदावरचा अंदाज पडद्यावर दिसतो. ‘गॅमट वॉर्निंग’ चालू केल्यास जे रंग शाईत येणार नाहीत, ते करड्या आवरणाखाली दिसतात. तेवढेच भाग हाताने आवरावेत. नंतर फाइलची प्रत काढून तीच ‘कन्व्हर्ट टू प्रोफाइल’ने बदलावी. रंगबदल कसा करायचा हे ठरवणाऱ्या हेतूंपैकी (रेंडरिंग इंटेंट) रिलेटिव्ह कलरिमेट्रिक, म्हणजे गॅमटमधले रंग तसेच ठेवणारा, हा हेतू ब्लॅक पॉइंट कॉम्पेन्सेशनसह, म्हणजे दोन्हीकडचा सर्वांत गडद काळा जुळवून, छायाचित्राला बहुधा चांगला लागतो. गॅमटबाहेरचे रंग फार असतील, तर सर्वच रंग प्रमाणात आवळणारा पर्सेप्च्युअल लावून दोन्ही निकाल शेजारी ठेवून पाहावेत.

सीएमवायकेतून पुन्हा आरजीबीत आल्याने गेलेले रंग परत येत नाहीत. याच कारणाने मूळ आरजीबी प्रत हात न लावता ठेवायची असते. जिम्पमध्ये मूळ काम आरजीबीतच चालते. विनामूल्य साधनांत प्रत्यक्ष सीएमवायकेत रंगकाम करायचे असेल, तर क्रिता पाहावे, आणि पानांची मांडणी करून छपाईयोग्य पीडीएफ काढण्यासाठी स्क्रायबस.

सातवी पायरी : पीडीएफ काढा आणि उघडून तपासा

मुद्रकाकडे सुटी चित्रे देण्यापेक्षा पूर्ण पानाची पीडीएफ द्यावी, आणि तीही साधी न देता पीडीएफ/एक्स या छपाईसाठीच्या मानकातली द्यावी. पीडीएफ/एक्स-१ए सर्वांत कडक : तीत सीएमवायके, ग्रेस्केल आणि स्पॉट कलर एवढेच चालते आणि पारदर्शकता आधीच सपाट करावी लागते. पीडीएफ/एक्स-४ मध्ये जिवंत पारदर्शकता आणि प्रोफाइलसह आरजीबी चित्रे राहू शकतात; रंगबदल मुद्रकाच्या यंत्रणेत होतो. मुद्रकाची यंत्रणा नवी असेल, तर मी एक्स-४ निवडेन, कारण तिच्यातून नुकसान कमी होते. यंत्रणेविषयी खात्री नसेल, तर एक्स-१ए. फॉन्ट दोन्हींत जोडलेले असलेच पाहिजेत. देवनागरी जोडाक्षरांची मोडतोड टाळण्यासाठी मुद्रक ‘टेक्स्ट कर्व्ह करून द्या’, म्हणजे अक्षरांच्या रेषाकृती करून द्या, म्हणत असेल, तर मजकूर कर्व्ह केलेली प्रत वेगळी काढावी, कारण त्या प्रतीत मजकुराची दुरुस्ती करता येत नाही.

तयार पीडीएफ ॲक्रोबॅटच्या व्यावसायिक आवृत्तीतल्या ‘आउटपुट प्रिव्ह्यू’मध्ये उघडून सायन, मॅजेंटा आणि पिवळी या तीन प्लेटा बंद कराव्यात. सर्व मजकूर जसाच्या तसा दिसत राहिला पाहिजे. आता उलट फक्त काळी प्लेट बंद करावी. मजकुराची पुसट छाया उरली, तर तो मजकूर चार शायांत गेलेला आहे. त्याच खिडकीत एकूण शाईची मर्यादा, उदाहरणार्थ ३००, घातली की ती ओलांडणारे भाग रंगून दिसतात. स्पॉट कलर यादीत वेगळा दिसतो की नकळत चार शायांत विरघळला, हेही तेथेच कळते.

फाइल पाठवताना ती झिप करून ईमेलने किंवा क्लाउडवरून द्यावी; संदेशवहनाच्या ॲपमध्ये चित्र म्हणून टाकू नये, कारण तेथे पिक्सेल आणि अनेकदा प्रोफाइलही गळते. नावात कामाचे नाव, आकार, रंगप्रणाली आणि आवृत्ती असावी, उदाहरणार्थ ‘माहितीपत्रक_ए४_सीएमवायके_आ३’. रंग महत्त्वाचे असतील, तर त्याच कागदाचे वर्णन धरून काढलेले प्रूफ मागावे, ते सुमारे ५००० केल्विनच्या प्रकाशात पाहावे आणि प्रूफवरच्या फाइलचे नाव आपण शेवटी पाठवलेल्या फाइलच्या नावाशी ताडून मगच त्यावर सही करावी.